कमानीआधी अर्थिंग

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा मी बराच वेळ विचारात पडले. या विषयावर माझ्याआधी पुष्कळांनी लिहिले आहे आणि माझ्यानंतरही पुष्कळजण लिहितील. शिस्त, वाचनाची गोडी, स्वाभिमान ही देणी आपणा सर्वांची सामाईक आहेत. त्यांचा पुनरुच्चार मी करणार नाही. मी लिहिणार आहे ते एका लोखंडी डब्याविषयी. संगणकाच्या पेटीत मागच्या अंगाला बसवलेला, पंखा असलेला हा डबा भिंतीतली वीज संगणकाला पचेल अशी करून देतो. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. इतिहास शिकवणाऱ्या बाईने या विषयात पडावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु याच डब्याने एकदा माझे मोठे नुकसान केले आहे, आणि ते नुकसान माझ्या एकटीचे नाही, या शाळेचेही आहे.

आधी थोडे मागे जाते. १९८२ साली मी सातवीत होते. आमच्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत तेव्हा चार दिवे होते. संध्याकाळी सात वाजले की गावभर विजेचा दाब उतरे आणि दिव्यातली तार तांबूस होई. पुस्तकातले अक्षर दिसे, पण त्यावरची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ ते कळत नसे. पावसाळ्यात भिंतीवरच्या बटणाला हात लावला की झिणझिण्या येत. त्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी आणि आसपासच्या वस्त्यांतील लोकांनी वर्गणी करून काही रक्कम शाळेला दिली. प्रवेशद्वाराशी एक देखणी कमान उभारावी आणि तिच्यावर देणगीदारांची नावे कोरावीत, असे बहुतेकांचे मत होते. त्यात गैर काही नव्हते. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली गेली नव्हती, त्यांना आपले नाव शाळेच्या दारावर पाहावेसे वाटणे स्वाभाविक होते.

आमचे वसतिगृह अधीक्षक, ज्यांना आम्ही गुरुजी म्हणत असू, त्यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “कमानीखालून पोरं दिवसातून दोनदा जातील. बटणाला शंभरदा हात लावतील.” त्या पैशांतून संपूर्ण इमारतीची वायरिंग बदलली गेली आणि मागच्या अंगणात पुरुषभर खोल खड्डा खणून त्यात धातूची पट्टी पुरली. तिच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर घातले. हेच अर्थिंग. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात रोज एक बादली पाणी ओतण्याची पाळी आम्हा मुलींकडे असे. तिथे झाड नाही, वेल नाही, मग पाणी कशाला, असे मी एकदा विचारले. गुरुजी म्हणाले, “जमीन कोरडी पडली, की विजेची खाली जायची वाट बंद होते. मग ती तुझ्या अंगातून वाट काढील.” कमान पुढे सहा वर्षांनी झाली. ती आजही आहे आणि सर्व छायाचित्रांत येते. तो खड्डा कोणत्याही छायाचित्रात नाही.

ही गोष्ट मला पाठ होती, पण कळलेली नव्हती. कळली असती तर पुढचे घडले नसते.

२००९ ते २०११ या काळात मी शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी, जुने शिक्षक, वर्गणी गोळा करणारे कार्यकर्ते आणि स्वयंपाकघरातील मावशी यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. एकूण त्रेचाळीस. आपल्या समाजाचा इतिहास कागदावर फार थोडा आहे. जो आहे तो बहुधा इतरांनी लिहिलेला आहे. आपली माणसे बोलती आहेत तोवर त्यांचे बोलणे जपून ठेवावे, एवढाच हेतू होता. त्यासाठी मी घरी एक संगणक जोडून घेतला होता. पैसे बेताचे होते. जुळणी करणाऱ्या गृहस्थांनी सुचवले त्याप्रमाणे प्रोसेसर आणि पडदा चांगला घेतला. एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आली. फुकट मिळाल्याचा मला आनंदच झाला होता.

२०१२ च्या मे महिन्यात एका रात्री वीज गेली आणि परत आली ती भलत्याच दाबाने. दिवे क्षणभर डोळे दिपतील एवढे पेटले. संगणकाच्या पेटीतून फट् असा आवाज आला आणि जळक्या वासाने खोली भरली. दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाने सांगितले, की एसएमपीएस जळाली आणि जाताना मदरबोर्ड व हार्डडिस्क यांनाही घेऊन गेली. बत्तीस मुलाखतींच्या प्रती मी सीडीवर काढून ठेवल्या होत्या. अकरा काढायच्या राहिल्या होत्या. त्या अकरांत मावशींची मुलाखत होती. १९७२ च्या दुष्काळात वसतिगृहातल्या मुलांना त्यांनी कसे जगवले, लाल मिलोची भाकरी थापताना ती कशी तुटत असे, स्वतः न जेवता वाढणे लपवायला त्या काय सबब सांगत, हे सारे त्यांनी दोन तास सांगितले होते. मुलाखतीनंतर काही महिन्यांतच त्या गेल्या होत्या. डिस्कमधून माहिती परत काढण्यासाठी जो खर्च सांगितला गेला तो माझ्या आवाक्याबाहेरचा होता. प्रती वेळेवर काढल्या नाहीत हा माझा दोष; तो मी त्या डब्यावर ढकलत नाही. पण तो डबा तसा नसता, तर माझा आळस कदाचित खपून गेला असता.

तंत्रज्ञाने तो डबा माझ्यासमोर उघडला. इथे एक इशारा देते: हे काम जाणकारानेच करावे. आपल्या २३० व्होल्टच्या विजेचे त्यात सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश विजेत रूपांतर होते आणि प्लग काढल्यावरही तिचा साठा आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ राहतो. आत काय होते, यापेक्षा काय नव्हते ते त्याने मला दाखवले. विजेतला गोंगाट गाळण्यासाठी जिथे तारेची वेटोळी बसवायची, तिथे मोकळी भोके होती आणि त्यांवरून साधी तार जोडून दिली होती. दाब वाढल्यास स्वतः बंद पडून इतर भाग वाचवण्याची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. कपॅसिटरची डोकी फुगलेली होती. मग त्याने मला बाहेरचे लेबल वाचायला लावले. मोठ्या अक्षरांत ४५० वॅट असे छापले होते. खाली बारीक अक्षरांत एक तक्ता होता. त्यातल्या १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर असा आकडा होता. तो म्हणाला, “मॅडम, गुणाकार करा.” बारा चोक अठ्ठेचाळीस हे मला येत होते, बारा गुणिले चौदा, १६८. आजच्या संगणकातले सगळे मोठे काम १२ व्होल्टवर चालते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तिथूनच वीज घेतात. म्हणजे ४५० ची पाटी लावलेला तो डबा कामाच्या जागी स्वतःच्याच कबुलीप्रमाणे १६८ वॅटचा होता, आणि तेवढे तरी तो किती काळ देऊ शकला असता, कोण जाणे.

मला त्या क्षणी शरम वाटली. एम.ए.ला असताना आम्हाला साधनांची चिकित्सा शिकवली होती. कोणतेही साधन हाती आले की आधी बहिरंग परीक्षण: ते कोणी, केव्हा, कशासाठी निर्माण केले? मग अंतरंग परीक्षण: ते जे म्हणते ते आतल्या तपशिलाशी जुळते का? ताम्रपटातील बिरुदे पाहून राजाचे राज्य मोजू नये, दानात दिलेली गावे कुठे आहेत ते पाहावे, हे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आले होते. आणि घरातल्या डब्यावरचे बिरुद मात्र मी तपासल्याविना स्वीकारले होते.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण ती आपल्या इतिहासातली आहे आणि पुष्कळदा राहून जाते. १९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या, सार्वजनिक बांधकामे व वीज यांविषयीच्या धोरण समितीचे ते अध्यक्ष होते. १९४३ च्या ऑक्टोबरमधील त्या समितीपुढचे त्यांचे भाषण उपलब्ध आहे. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याविना उद्योग उभे राहणार नाहीत, आणि उद्योगांविना दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणसाची सुटका नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. वीज हा विषय त्यांनी अभियंत्यांवर सोडून दिला नाही. त्यांनी मागितली होती ती स्वस्त वीज, निकृष्ट वीज नव्हे. हा भेद गरिबाच्या फार कामाचा आहे. निकृष्ट वस्तू श्रीमंताला परवडते, कारण ती मोडल्यावर तो दुसरी घेतो. आपल्याला दुसऱ्यांदा घेणे जमत नाही.

हे सारे २०२३ साली कामी आले. आपल्या वसतिगृहातून दहावी झालेला एक मुलगा तंत्रनिकेतनात संगणक अभियांत्रिकीच्या पदविकेला लागला होता. तो आणि त्याची आई एका रविवारी माझ्याकडे आले. आई आठवडी बाजारात भाजी विकते. संगणकासाठी तिने बचत गटातून कर्ज घेतले होते. सगळे मिळून हाती तेहतीस हजार रुपये होते. मुलाने वहीच्या पानावर यादी सुबक अक्षरात लिहून आणली होती. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, ज्यात चित्राची सोय आतच असल्याने वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही, सोळा जीबी रॅम, पाचशे जीबीची एसएसडी, नवा पडदा, आणि काचेची बाजू व रंगीत दिवे असलेले कॅबिनेट. यादीच्या शेवटी लिहिले होते: एसएमपीएस ६०० वॅट, कॅबिनेटसोबत फ्री.

मी त्याला माझी गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर आदर होता, पटल्याची खूण नव्हती. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, पण ६०० तर ४५० पेक्षा जास्तच ना?” मी म्हटले, “आधी लागते किती ते काढू.” आम्ही कागद घेऊन बसलो. या प्रोसेसरवर ६५ वॅट असे लिहिलेले असते, पण पूर्ण जोरात तो ८८ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून चाळीसेक धरले. बेरीज १३० च्या आसपास आली. पुढे कधी पैसे जमून एखादे छोटे, ७५ वॅटचे ग्राफिक्स कार्ड घातले तरी २०५. म्हणजे खरोखरीच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर निम्म्याहून थोडा कमी भार पडतो. बहुतेक चांगल्या एसएमपीएस साधारण निम्म्या भारावर सर्वांत कमी वीज वाया घालवतात, तापतही कमी आणि पंख्याचा आवाजही कमी. खोटे ६०० घेण्यापेक्षा खरे ४५० घ्यावेत, हे त्याला बेरीज केल्यावर पटले. माझ्या सांगण्याने पटले नव्हते, याचा मला आनंदच आहे.

दुसऱ्या शनिवारी आम्ही तिघे नागपूरला सीताबर्डीत गेलो. दुकानदाराने ती फुकटची एसएमपीएस दाखवली. तिच्यावर ६०० हा आकडा होता, विजेची एक नागमोडी रेघ होती, आणि व्होल्ट-अँपिअरचा तक्ताच नव्हता. मुलाने डबा चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि माझ्याकडे न बघता खाली ठेवला. मग स्वतंत्र मिळणारी, ४५० वॅटची एक मागितली. तिच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात ३६ अँपिअर होते, ४३२ वॅट. म्हणजे पाटी आणि तक्ता एकमेकांना ओळखत होते. तिच्यावर ‘८० प्लस ब्राँझ’ ही खूण होती. या खुणेविषयी गैरसमज फार आहेत. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज संगणकापर्यंत पोचते आणि किती उष्णता होऊन जाते, एवढेच ती सांगते. साध्या ८० प्लसला किमान ८० टक्के, ब्राँझला निम्म्या भारावर ८५ टक्के. डबा किती टिकेल किंवा संकटात इतर भागांना वाचवील का, हे ती सांगत नाही. म्हणून खोक्यावर संरक्षणांची यादी आहे का ते पाहिले: दाब वाढल्यास, दाब उतरल्यास, भार जास्त झाल्यास आणि शॉर्टसर्किट झाल्यास बंद पडण्याची सोय. हमी तीन वर्षांची, लेखी. शिवाय हीच खूण छापलेल्या बनावट वस्तूही असतात. म्हणून मॉडेल क्रमांक अधिकृत यादीत आहे याची खात्री मुलाने मोबाइलवर करून घेतली.

आई इतका वेळ गप्प होती. तिने दोन्ही डबे दोन हातांत घेतले आणि तराजूसारखे वरखाली केले. “हे जड हाये मॅडम,” ती स्वतंत्र एसएमपीएस वर धरून म्हणाली. “त्याच्यात काहीच नाही भरलं.” दुकानदार हसला, पण तिचे खरे होते. उष्णता वाहून नेणाऱ्या जाड पट्ट्या, तांब्याची वेटोळी, मोठे कपॅसिटर यांना वजन असते. अर्थात वजन हा पुरावा आहे, निकाल नव्हे. आत निरुपयोगी लोखंड घालूनही वजन वाढवता येते. पण ज्या बाईने आयुष्यभर काट्यावर माल तोलला, तिचा हात त्या पाटीपेक्षा अधिक प्रामाणिक होता.

किंमत दोन हजार नऊशे. काचेचे दिवेवाले कॅबिनेट सोडून साधे पत्र्याचे घेतले तरी यादीत तेराशे रुपये वाढत होते. नव्या पडद्याऐवजी वापरलेला, चांगल्या स्थितीतला पडदा घेतला आणि हिशेब जुळला. मुलाला दिव्यांचे थोडे वाईट वाटले. मला कमान आठवली. सतरा वर्षांच्या मुलाला रंगीत दिवे हवेसे वाटणे यात गैर काय, हेही आठवले, म्हणून मी काही बोलले नाही.

संगणक जुळला, चालला. आठ दिवसांनी आईचा फोन आला. “मॅडम, महागाचं घेतलं तरी हात लावला की मुंग्या येतात.” मी त्यांच्या घरी गेले. घरात दोनच तारांची वायरिंग. तीन पिनांच्या प्लगची तिसरी, जाड पिन भिंतीत कुठेच जोडलेली नव्हती. गंमत अशी, की या मुंग्या चांगल्या एसएमपीएसमध्येच हमखास जाणवतात. तिच्यात गाळणी असते, आणि ती गाळणी अगदी अल्प वीज धातूच्या पेटीकडे वळवते. ती तिसऱ्या पिनेतून जमिनीत जावी अशी योजना असते. वाट नसेल तर ती पेटीवरच थांबते. माझ्या जुन्या डब्यात गाळणीच नव्हती, म्हणून मुंग्याही नव्हत्या. म्हणजे काहीच जाणवत नाही, ही सुरक्षिततेची खूण नव्हे. आणि आतला एखादा भाग निकामी होऊन पूर्ण दाब पेटीवर आला, तर अर्थिंगविना त्या मुंग्यांचा जीवघेणा धक्का होतो.

मग वायरमनला बोलावून परसात खड्डा घेतला. कोळसा घातला, आईने दुकानातून खडे मीठ आणले, तिसरी तार ओढली. मुंग्या थांबल्या. तिथे पाणी कोणी ओतायचे, हे त्या घरात ठरलेले आहे.

हाच मुलगा आता सुट्टीच्या दिवशी त्या बत्तीस मुलाखती सीडीवरून उतरवून घेतो आहे. काही सीडी खरवडल्या आहेत. तीन अजून उघडलेल्या नाहीत. प्रत्येक मुलाखतीच्या तीन प्रती तो करतो: एक त्याच्या संगणकावर, एक माझ्याकडच्या बाहेरच्या डिस्कवर, एक शाळेच्या ग्रंथालयात. मावशींचा आवाज परत येणार नाही. त्यांनी जे सांगितले त्यातले मला आठवते तेवढे मी लिहून काढले आहे, पण ते माझे शब्द आहेत, त्यांचे नव्हेत. इतिहासाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींनो आणि पालकहो, महोत्सवाच्या निमित्ताने वसतिगृहाच्या अभ्यासिकेसाठी दहा संगणक घेण्याचे ठरले आहे आणि त्यासाठी आपण सर्व वर्गणी देत आहोत. आलेले दरपत्रक मी पाहिले. प्रोसेसरचे नाव, रॅमचा आकडा, पडद्याचा आकार, सारे तपशीलवार आहे. एसएमपीएसपुढे फक्त ‘६०० वॅट’ लिहिले आहे. समितीला माझी विनंती आहे, की त्या एका ओळीपुढे चार गोष्टी लिहून मागाव्यात: १२ व्होल्टच्या रकान्यातील अँपिअर, संरक्षणांची यादी, मॉडेल क्रमांक आणि हमीची वर्षे. वसतिगृहाचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर तोही बदलण्याचा विचार व्हावा. नव्या चांगल्या एसएमपीएस त्यावर कधी कधी अचानक बंद पडतात, त्यांना साइन वेव्ह मानवते. खर्च थोडा वाढेल. तो भागवण्यासाठी दहाऐवजी नऊ संगणक घ्यावे लागले, तरी माझी हरकत नाही.

आणि एक. मागच्या अंगणातला तो खड्डा नव्या सिमेंटच्या फरशीखाली गेला आहे, असे मला कळले. संगणक येण्याआधी तेवढी एक फरशी उचलावी. उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतण्याची पाळी कोणाकडे द्यायची, ते मुलींना विचारावे. त्या आनंदाने घेतील. आम्ही घेतली होती.